केंटकीतल्या जॉनचे आईवडील: १७९० आधीचा अमेरिकन पूर्वज कसा शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमान अमेरिकन. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की मूळ पुरुष जॉन स्वातंत्र्ययुद्धात लढला, मग व्हर्जिनियातून केंटकीत आला आणि इंग्लंडहून आलेल्या तीन भावांपैकी एकाचा तो नातू. १८५० च्या जनगणनेत जॉनचा मुलगा तुम्हाला केंटकीत सापडला: वय ६०, जन्म व्हर्जिनिया. त्याच्या मागे गेलं की इंटरनेटवरचे सगळे वंशवृक्ष एकमेकांशी भांडतात. कुणी जॉनचा जन्म १७४५ चा सांगतं, कुणी १७५९ चा, आणि आईवडिलांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या. जॉनचे खरे आईवडील कोण, ते कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणणं असं, की आईवडिलांचा शोध सध्या बाजूला ठेवा. खरी अडचण ही आहे की 'जॉन' नक्की कोण, हेच अजून ठरलेलं नाही. त्या काळी एका कौंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) एकाच नावाचे तीन-चार जण सहज असत. वंशवृक्ष मांडणाऱ्यांनी एकाचं लग्न, दुसऱ्याचं युद्ध आणि तिसऱ्याचं मृत्युपत्र घेऊन एक माणूस तयार केला असण्याची शक्यता फार मोठी आहे. अशा जोडून केलेल्या माणसाला आईवडील सापडणार कसे? आधी त्याचं आयुष्य वर्षावर्षानं, जमिनीच्या तुकड्यासकट उभं करायचं. ते झालं की वडील बहुतेक वेळा शेजारच्या शेतातच सापडतात.

किती यश येईल हे बरंचसं तुमच्या हातात नाही. कौंटीचं कोर्टहाऊस जळालं होतं का, जॉन जमीनमालक होता की कुळ, आडनाव किती सर्रास आहे, घर कुठल्या चर्चचं, यावर ते अवलंबून आहे. पूर्वज मॅसॅच्युसेट्सचा असता तर काम पुष्कळ सोपं झालं असतं, कारण तिथे गावचा कारकून सतराव्या शतकापासून जन्म-लग्न-मृत्यू वहीत टिपून ठेवी. व्हर्जिनियात राज्य पातळीवर जन्ममृत्यूची नोंद १८५३ ला सुरू झाली, आणि जुन्या अँग्लिकन पॅरिशांच्या (एकेका चर्चच्या हद्दीच्या) वह्या मोजक्याच उरल्या आहेत. म्हणून जॉनचा 'जन्मदाखला' शोधण्यात वेळ घालवू नका. तो कधी लिहिलाच गेला नव्हता. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत एका ठिकाणी पिढ्या ओळीनं मिळतात, तशी वही तिथे कुणी ठेवली नाही. तिथली माणसं दप्तरात येतात ती कर भरताना, जमीन विकताना, जामीन राहताना, कोर्टात साक्ष देताना. नातं आपणच त्यातून काढायचं असतं.

सुरुवात तुमच्याकडे असलेल्या मुलापासून करा, पण एकट्या त्याच्यापासून नको. त्याचे सगळे भाऊ-बहीण १८५० आणि १८६० च्या जनगणनेत शोधा. कुटुंबातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य लिहिणारी १८५० ची पहिलीच जनगणना. समजा एक भाऊ ६० वर्षांचा आणि जन्म व्हर्जिनिया, बहीण ५५ ची आणि जन्म केंटकी, तर कुटुंबाचं स्थलांतर साधारण १७९० ते १७९५ च्या दरम्यान झालं. हा पाच वर्षांचा पट्टा हातात आला की दोन्ही राज्यांत काय शोधायचं ते कळतं. वयात दोन-चार वर्षांचा फरक धरूनच चाला. १८८० पर्यंत कुणी भावंड जगलं असेल तर तेही बघा. त्या वर्षी प्रत्येकाच्या आईचं आणि वडिलांचं जन्मराज्य विचारलं होतं.

आता पेन्शन. घरात युद्धाची आठवण टिकली आहे म्हणून सगळ्यात आधी मी इथेच बघेन. स्वातंत्र्ययुद्धातल्या पेन्शनच्या सुमारे ८०,००० फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या मायक्रोफिल्म-मालिकेचा क्रमांक एम ८०४. फाइलीवर 'एस' असेल तर सैनिकाला पेन्शन मिळालं, 'डब्ल्यू' असेल तर विधवेला, 'आर' असेल तर अर्ज फेटाळला गेला. फेटाळलेली फाइल मुळीच सोडू नका. अर्ज नाकारला म्हणजे माणूस खोटा असं नसे. बऱ्याचदा सेवा काही आठवडे कमी पडे किंवा पुरावा नसे, आणि पुरावा नाही म्हणून अर्जदार आणखी तपशील देत राही. आपल्याला हवा असतो तो तोच तपशील.

जून १८३२ च्या कायद्यानं किमान सहा महिने सेवा केलेल्या मिलिशियातल्या (स्थानिक, हंगामी फौजेतल्या) शिपायांनाही पेन्शन दिलं. अर्जदाराला कोर्टात उभं करून ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कोणत्या साली, वयाची नोंद आहे का आणि कुठे आहे, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात, स्वतःहून गेलात की सक्तीनं की कुणाच्या बदली, अधिकारी कोण, आणि आता शेजारी तुम्हाला ओळखणारे कोण. या उत्तरांत जॉनचं अख्खं आयुष्य आणि त्याचा प्रवास एका पानावर मिळू शकतो. 'वडिलांच्या बदली गेलो' किंवा 'माझ्या वयाची नोंद वडिलांच्या बायबलात आहे, ते आता भावाकडे असतं' अशी वाक्यं या अर्जांत भेटतात. नातं सिद्ध करायला त्याहून चांगलं काय हवं! विधवांनी अर्ज केला असेल तर लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून घरच्या बायबलातून फाडलेलं जन्मनोंदींचं पान काही फाइलींत अजून जोडलेलं आहे. १८१८ च्या कायद्याखालचे अर्ज असतील तर १८२० साली जोडलेली मालमत्तेची यादी बघा. घरात कोण कोण राहतं आणि त्यांची वयं काय, हेही त्यात पुष्कळदा सांगितलेलं असतं.

फाइल पूर्ण वाचा. काही ठिकाणी निवडक पानंच दिसतात, आणि उपयोगाचं पत्र नेमकं वगळलेल्या पानांत असतं. दक्षिणेकडच्या लढायांत असलेल्या शिपायांच्या अर्जांची अक्षरशः नक्कल केलेला एक मोठा विनामूल्य संग्रह इंटरनेटवर आहे ('सदर्न कॅम्पेन्स' नावानं शोधा). व्हर्जिनियाच्या माणसांसाठी तो फार उपयोगी पडतो. तिथे जॉनचं नाव शोधून थांबू नका. त्याचं आडनाव इतरांच्या साक्षींत कुठे येतं तेही शोधा.

फाइल मिळाली नाही, तर 'जॉन लढलाच नाही' असा अर्थ होत नाही. १८१८ चा कायदा नियमित काँटिनेंटल (सगळ्या वसाहतींच्या एकत्रित) सैन्यातल्या गरजूंसाठी होता. मिलिशियातला माणूस १८३२ आधी वारला आणि विधवाही उरली नाही, तर फाइल असणारच नाही. शिवाय नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून त्याआधीचे अर्ज जळाले.

जन्मसालाचं भांडण जनगणनेतूनच सुटू शकतं. १८४० पर्यंतच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार आकडे. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या शिल्लक नाहीत, म्हणून पहिली १८१०. त्या वर्षी आणि १८२० साली सगळ्यात वरचा गट '४५ आणि पुढे' असा आहे. १७४५ चा जॉन आणि १७५९ चा जॉन दोघंही त्यातच पडतात, म्हणून त्यातून काही ठरत नाही. १८३० ला मात्र दहा-दहा वर्षांचे गट आहेत. १७५९ चा जॉन तिथे ७० ते ८० मध्ये दिसेल, १७४५ चा ८० ते ९० मध्ये. १८४० ला आणखी एक सोय आहे: पेन्शन घेणाऱ्यांची नावं आणि वयं वेगळ्या रकान्यात लिहिली, आणि ते कुणाच्या घरी राहतात तेही. म्हातारा जॉन तेव्हा हयात असेल तर तो ज्याच्या घरात आहे तो मुलगा, जावई किंवा नातू असण्याचा संभव फार.

यानंतरचं काम वेळखाऊ आहे, पण खरा उलगडा त्यातूनच होतो. करयाद्या! व्हर्जिनियात १७८२ पासून दरवर्षी जंगम मालमत्तेवर कर लागे. यादीत २१ वर्षांवरच्या पुरुषांची नावं, गुलाम, घोडे, गुरं यांचे आकडे. १७८७ पासून १६ ते २१ वयाच्या मुलांचा वेगळा आकडा. एका घरातला आकडा अमुक वर्षी वाढला तर मुलगा सोळाचा झाला. तो आकडा घटून त्याच आडनावाचं नवं नाव यादीत आलं तर एकवीसचा झाला. कोर्टहाऊस जळालेल्या कौंटीतही या याद्या पुष्कळदा मिळतात, कारण त्यांची एक प्रत राज्याकडे जात असे. उलट १८६५ च्या एप्रिलमध्ये राजधानी रिचमंड जळालं तेव्हा पूर्वेकडच्या काही कौंटींची, सुरक्षित राहतील म्हणून तिथे पाठवलेली दप्तरं गेली.

याद्या बहुधा आद्याक्षरानुसार आहेत, त्यामुळे शेजार कळत नाही असं वाटतं. पण अनेक वर्षांच्या यादीत नावासमोर कर-अधिकारी ज्या दिवशी घरी आला ती तारीख असते. एका तारखेची सगळी नावं कागदावर वेगळी काढा. तो त्या दिवसाचा फेरा, म्हणजे जवळपासचीच घरं. जॉन आणि त्याच्या आडनावाचा एखादा वयस्क माणूस सलग आठ-दहा वर्षं एकाच तारखेला येत असतील, तर वडिलांसाठी पहिला उमेदवार तो.

केंटकीच्या १७९२ पासूनच्या याद्या तर यासाठी घडवल्यासारख्या आहेत. त्यात एकरांबरोबर जमीन कुठल्या ओढ्यावर आहे, आणि मूळ दावा, मोजणी आणि सनद कुणाच्या नावे झाली, असे रकाने आहेत. समजा मर्सर कौंटीत एकाच नावाचे दोन जॉन आहेत. एक सॉल्ट रिव्हरवर १५० एकर, दुसरा चॅप्लिनच्या काठी ८० एकर. दरवर्षीची नोंद तक्त्यात मांडत गेलात की दोघं आपोआप वेगळे होतात. एक यादीतून नाहीसा होतो, त्याच्या जागी 'अमुकची विधवा' येते, दुसरा चालू राहतो. हे तक्ते एकही वर्ष न गाळता करा. दर पाच वर्षांनी एक यादी बघितली तर नेमका बदलाचा क्षण निसटतो.

जमिनीच्या दप्तरात विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या अनुक्रमणिका असतात, दोन्ही बघा. खरेदीखतात चतुःसीमा, साक्षीदार आणि विकणाऱ्याच्या बायकोची हक्कसोड वाचा. नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्शावर विधवेचा हयातभर हक्क असे, म्हणून विक्रीच्या वेळी बायकोला नवऱ्यापासून वेगळं बोलावून तिची संमती नोंदवत. त्यामुळे एरवी कुठेच न दिसणाऱ्या बाईचं नाव इथे मिळतं. आणखी एक खूण: जॉननं जी जमीन विकली ती कधी विकत घेतल्याचं खतच नसेल, तर ती वारशानं आली. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता मेलेल्याची जमीन सगळी थोरल्या मुलाकडे जाई. हा नियम १७८५ च्या कायद्यानं गेला आणि नवा कायदा १७८७ पासून लागू झाला. त्यानंतर सगळ्या मुलांना हिस्सा. म्हणून त्यापुढे भावंडं मिळून वडिलांची जमीन विकतात तेव्हा एका खतात सगळे मुलगे, मुली, जावई नावानिशी येतात. अनुक्रमणिकेत मात्र ते खत फक्त पहिल्या नावाखाली असतं, आणि ते नाव जॉनचंच असेल असं नाही.

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात ते कौंटीच्या सीमांत. माणूस जागचा हलत नाही, पण दप्तर हलतं. एकच शेत १७३० ला स्पॉट्सिल्व्हेनिया कौंटीत, १७४० ला ऑरेंजमध्ये, १७५० ला कल्पेपरमध्ये आणि १७९५ ला मॅडिसनमध्ये असू शकतं. चार कोर्टहाऊस, एकच घर. केंटकीही १ जून १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होती. त्यामुळे '१७९० ला व्हर्जिनियात जन्म' याचा अर्थ आजच्या केंटकीतला जन्म असाही होऊ शकतो. तुम्ही स्थलांतराचा जो पट्टा काढाल त्याला हा अपवाद लक्षात ठेवा. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाचा जुन्या कौंटी-सीमांचा नकाशासंग्रह विनामूल्य आहे. प्रत्येक तारखेसाठी आधी तो उघडावा.

मृत्युपत्र मिळालं तर आनंद माना, पण त्यात नाव नसलेलं मूल नव्हतंच असं धरू नका. जमीन आधीच दिलेल्या मुलाला वगळलेलं असतं. मृत्युपत्र नसेल तर कारभाऱ्याचं (मयताची मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेल्याचं) जामीनपत्र, मालाची यादी, लिलावात कुणी काय घेतलं, आणि शेवटचा हिशेब बघा. लिलावात भांडी आणि गादी घेणारी बाई बहुधा विधवा असते. कोर्टाच्या भाषेत 'पोरकं' मूल म्हणजे बाप गेलेलं. आई जिवंत असू शकते. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेकच असतात असंही नाही. एकाच गावातले दोन सारख्या नावाचे, वयानं मोठा आणि लहान, एवढाच अर्थ असू शकतो. लग्नाच्या जामिनावर (लग्नाआधी वर लिहून देई त्या हमीपत्रावर) वराबरोबर सही करणारा बहुतेक वेळा वधूचा बाप किंवा भाऊ. पण जामीन म्हणजे लग्न झाल्याचा पुरावा नव्हे. पाद्र्यानं पाठवलेली नोंद शोधा.

तीन भावांच्या गोष्टीबद्दल स्पष्ट सांगतो: ती असंख्य घराण्यांत जशीच्या तशी आहे, तिच्यावर काही उभारू नका. १८२० आधी अमेरिकेत येणाऱ्यांच्या जहाजयाद्या ठेवण्याचा कायदाच नव्हता. फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मनांच्या १७२७ पासूनच्या याद्या हा ठळक अपवाद. इंग्लंडमधल्या पॅरिशच्या वहीत त्याच नावाचा बाप्तिस्मा सापडला तर तो फक्त त्याच नावाचा बाप्तिस्मा असतो. तो माणूस समुद्र ओलांडून गेला, हे दाखवणारा दुसरा कागद लागतो.

सप्टेंबर १७५२ आधीच्या तारखांना हात लावताना सावध राहा. इंग्रजी अमलात १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म म्हणून ११ फेब्रुवारी १७३१ चाही आणि २२ फेब्रुवारी १७३२ चाही. जानेवारी ते मार्चमधली तारीख कागदावर आहे तशीच उतरवा, 'दुरुस्त' करू नका. तीच काळजी अक्षराची. जुन्या लिखाणात दोन 'एस' आले की पहिला लांबोडका, 'एफ'सारखा दिसतो. अनुक्रमणिका करणाऱ्यांनी त्यामुळे जेसीचा 'जेफ्से' केलेला आढळतो. 'जेएनओ' हे जॉनचंच संक्षिप्त रूप, जोनाथनचं नाही.

डीएनएकडून इथे मर्यादित अपेक्षा ठेवा. यजमान जॉनपासून सात पिढ्या खाली असतील तर त्याच्याकडून आलेला वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी, कदाचित शून्य. नेहमीच्या चाचणीतली जुळणी एवढ्या मागच्या नात्याचा पुरावा म्हणून वापरू नका. आडनाव बापाकडून मुलाकडे अखंड आलं असेल तर पुरुषवंशाची वाय-चाचणी खरी उपयोगाची. तिन्ही उमेदवार घराण्यांचे आजचे पुरुष वंशज तयार झाले तर दोन घराणी तिथेच गळतात.

जॉनच्या घरात गुलाम असतील तर त्यांची नावंही त्याच तक्त्यात लिहा, वय आणि किमतीसकट, आणि ती माहिती इतरांना दिसेल अशी ठेवा. १८५० आणि १८६० च्या गुलाम-याद्यांत सहसा फक्त मालकाचं नाव असतं. त्यांच्या वंशजांना बहुतेक ठिकाणी १८७० च्या जनगणनेच्या मागे जाण्याचा मार्ग या मृत्युपत्रांत आणि मालयाद्यांतच असतो, आणि ती पानं तुम्ही तशीही उलटणारच आहात.

कागद मिळवायला फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. व्हर्जिनिया आणि केंटकीची दप्तरं तिथे मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि आता हस्तलिखितातला मजकूर यंत्रानं वाचून शोधण्याची सोयही आहे. जॉनचं नाव आणि ओढ्याचं नाव एकत्र टाकून बघा. काही चित्रं घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात जाऊन पाहावी लागतात. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या स्वातंत्र्ययुद्धातल्यांच्या वंशज स्त्रियांच्या, १८९० च्या संस्थेकडे जॉनचा वंश सांगून कुणी सभासदत्वासाठी केलेला आधीचा अर्ज आहे का तेही बघा, पण जुन्या अर्जांना पुरावे क्वचितच जोडलेले असत. त्यांच्या यादीत नावापुढे 'पुढच्या अर्जदारांनी वंश सिद्ध करावा' असा शेरा असेल, तर कुणीतरी चूक आधीच पकडली आहे.

पुढचं नेमकं सांगायला मला इतकं कळवा: १८५० मधला मुलगा केंटकीच्या कुठल्या कौंटीत होता, त्याच्या सगळ्या भावंडांची वयं आणि जन्मराज्यं काय, आणि १७९२ ते १८१० च्या करयाद्यांत त्या आडनावाची माणसं कुठकुठल्या ओढ्यांवर दिसतात. पेन्शनची फाइल निघाली तर जन्मस्थानाचं वाक्य जसंच्या तसं, मूळ स्पेलिंगसह उतरवून पाठवा. त्यावरून व्हर्जिनियातली कोणती कौंटी आणि कोणत्या वर्षांच्या याद्या, ते सांगता येईल.